शिकलेला हात : भौतिकोपचाराच्या शिक्षणातील मर्दनाचा पाठ

दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, बाळ-बाळंतिणीला लावले जाणारे तेल, तालमीत पैलवानांचे होणारे मालीश ही आपल्या समाजजीवनातील नित्याची दृश्ये आहेत. मर्दन ही गोष्ट आपणांस इतकी परिचित आहे की, भौतिकोपचाराच्या महाविद्यालयात ती रीतसर शिकवली जाते व तिची प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाते, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. तेल लावून अंग चोळण्यात शिकण्यासारखे ते काय असणार, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

या प्रश्नाचे उत्तर समजून घेणे केवळ विद्यार्थ्यांच्याच नव्हे, तर सर्वांच्या हिताचे आहे. झाडावरून पडलेल्या मुलाचे कोपर सुजते आणि घरातील वडीलधारी माणसे मायेने त्यावर तेल चोळतात. एखाद्या गृहस्थाची एकच पोटरी अचानक सुजून दुखू लागते आणि शेजारी ती रगडून देतात. हेतू चांगला असतो, परंतु परिणाम कधी जन्माचे अपंगत्व, तर कधी मृत्यूही असू शकतो. उपचार करणारा हात आणि अपाय करणारा हात यांत फरक असतो तो शिक्षणाचा. हे शिक्षण कसे दिले जाते आणि त्यातून सर्वसामान्य नागरिकाने काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेपासून शास्त्रापर्यंत

मर्दनाचा उपचार म्हणून वापर फार प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्येचा भाग म्हणून अभ्यंगाचे गुण वर्णिले आहेत. युरोपात स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग (१७७६-१८३९) यांनी व्यायाम व शरीरोपचार यांची पद्धतशीर मांडणी केली आणि १८१३ साली स्टॉकहोम येथे त्यासाठी संस्था स्थापन झाली. पुढे हॉलंडमधील डॉक्टर योहान गेओर्ग मेझगर (१८३८-१९०९) यांच्या कार्यामुळे मर्दनाच्या निरनिराळ्या क्रियांचे वर्गीकरण वैद्यकजगतात रूढ झाले. त्या क्रियांची फ्रेंच नावे भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही असतात.

या व्यवसायाच्या इतिहासातील एक घटना विशेष बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये मालीशच्या नावाखाली गैरप्रकार चालत असल्याची चर्चा वैद्यकीय नियतकालिकांतून होऊ लागली. त्यामुळे प्रामाणिकपणे मर्दनोपचार करणाऱ्या परिचारिकांच्या प्रतिष्ठेलाही धक्का बसू लागला. तेव्हा चार परिचारिकांनी १८९४ साली पुढाकार घेऊन प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संघटना स्थापन केली. वैद्यकीय सल्ल्याविना उपचार करावयाचा नाही, सर्वसामान्य वृत्तपत्रांत जाहिरात करावयाची नाही, रुग्णांना औषधे विकावयाची नाहीत, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. १९२० साली या संघटनेला राजसनद मिळाली आणि आजच्या ब्रिटिश भौतिकोपचारतज्ज्ञांची संस्था तिच्यातूनच वाढली. परीक्षा, नोंदणी व आचारसंहिता या तीन आधारांवर मर्दनाचे रूपांतर प्रतिष्ठित वैद्यकीय सेवेत झाले, हे यावरून लक्षात येईल.

आपल्या देशात या शिक्षणाची पायाभरणी पोलिओच्या संकटातून झाली. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांच्या पुनर्वसनाची निकड भासल्याने १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना अस्तित्वात आली. पोलिओचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणपत्र भारतास २०१४ साली प्राप्त झाले. ज्या रोगामुळे हे शास्त्र येथे रुजले तो गेला, परंतु शास्त्राची गरज मात्र वाढतच गेली. पक्षाघात, रस्त्यावरील अपघात, कंबरदुखी, गुडघ्यांची झीज आणि शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन ही आज त्याची प्रमुख क्षेत्रे आहेत.

पहिला पाठ : शरीराची ओळख

मर्दनाचे शिक्षण तेलाच्या बाटलीपासून सुरू होत नाही, ते शरीररचनाशास्त्राच्या वर्गात सुरू होते. त्वचेखाली कोणता स्नायू आहे, तो कोठे उगम पावतो व कोठे जोडला जातो, त्याचे तंतू कोणत्या दिशेने धावतात, कोणती रक्तवाहिनी व मज्जातंतू पृष्ठभागाजवळून जातात, हे शवविच्छेदनाच्या साहाय्याने शिकल्यानंतरच विद्यार्थ्याचा हात जिवंत शरीरावर पडतो.

त्यानंतर येते ती स्पर्शाने पारखण्याची साधना. विद्यार्थी एकमेकांच्या शरीरावर हाडांचे उंचवटे, स्नायूंच्या कडा आणि सांध्यांच्या रेषा बोटांनी शोधून काढतात. सैल स्नायू हाताला कसा लागतो, आखडलेला कसा, सूज कशी, गाठ कशी आणि तापलेली त्वचा कशी, हा भेद पुस्तकातून कळत नाही. प्रारंभी बोटांना काहीच समजत नाही. परंतु महिनोन्‌महिन्यांच्या सरावानंतर डोळे मिटूनही त्यांना भेद कळू लागतो. दृष्टिहीन व्यक्तींनी या क्षेत्रात मिळविलेले यश हे याच स्पर्शज्ञानाचे उदाहरण होय. जपानमध्ये सतराव्या शतकापासून अंध व्यक्तींना मर्दनाचे शिक्षण देण्याची परंपरा आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांनाही हीच विद्या शिकवून स्वावलंबी करण्यात आले.

विद्यार्थ्यांनी परस्परांवर सराव करण्यामागे आणखीही एक हेतू असतो. स्वतः रुग्णाच्या जागी पालथे पडून सहाध्यायाचा थंड, घाईचा किंवा बोचरा हात अनुभवला म्हणजे रुग्णाला काय वाटत असेल, हे आपोआप उमगते.

हात लावण्यापूर्वी

प्रत्यक्ष मर्दनापूर्वीची तयारी हा प्रात्यक्षिक परीक्षेतील महत्त्वाचा भाग असतो. नखे कापलेली हवीत. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढलेले हवे. हात धुतलेले व उबदार असावेत. खाटेची उंची अशी असावी की उपचार करणाऱ्यास वाकावे लागू नये. एक पाय पुढे व एक मागे ठेवून उभे राहावे आणि दाब मनगटाने न देता शरीराचा भार पुढे-मागे नेऊन द्यावा, हे वारंवार सांगितले जाते. असे न केल्यास रुग्णाची पाठ बरी होण्याआधी उपचारकाचीच पाठ दुखू लागते. अंगठ्यांवर नित्य जोर देणाऱ्यांचे सांधे काही वर्षांतच कुरकुरू लागतात.

रुग्णास उशांचा आधार देऊन असे झोपवावे की उपचाराचा भाग पूर्णतः सैल पडेल. पालथे झोपविल्यास पोटाखाली व घोट्यांखाली उशी द्यावी. पाय सुजला असल्यास तो उंच ठेवावा. तेल, पावडर किंवा मलम यांपैकी काय वापरावे हे त्वचेवर व क्रियेवर अवलंबून असते. तेल हे हात सहज सरकावा यासाठी असते. त्याचे प्रमाण अधिक झाले की हात घसरतो व पकड सुटते.

या सर्वांहून महत्त्वाचा नियम मर्यादेचा आहे. आपण काय करणार आहोत, कोणता भाग उघडा करावा लागेल आणि दुखल्यास कसे सांगावे, हे रुग्णाला समजावून त्याची संमती घेतल्यावाचून हात लावावयाचा नाही. ज्या भागावर उपचार करावयाचा तेवढाच उघडा ठेवून बाकीचे अंग चादरीने झाकावयाचे. स्त्री रुग्णाच्या वेळी तिच्या सोबत स्त्री असावी, याची दक्षता घ्यावयाची. लंडनच्या त्या परिचारिकांनी ज्या प्रतिष्ठेसाठी धडपड केली, तिचे रक्षण या लहानसहान नियमांनीच होते.

मर्दनाच्या प्रमुख क्रिया

विद्यार्थ्याला प्रामुख्याने पाच प्रकारच्या क्रिया शिकविल्या जातात.

पहिली क्रिया सरकत्या हाताची. संपूर्ण तळहात त्वचेला लागून एकसारख्या गतीने सरकवावयाचा असतो. दाब नेहमी हृदयाच्या दिशेने, म्हणजे पायावर टाचेकडून जांघेकडे व हातावर मनगटाकडून काखेकडे द्यावयाचा असतो. शिरांतील रक्त व लसीकावाहिन्यांतील द्रव यांचा प्रवाह त्याच दिशेने असल्याने हा नियम पाळला जातो. परतताना हात केवळ टेकवून आणावयाचा. उपचाराचा आरंभ व शेवट याच क्रियेने होतो. तीमुळे रुग्णाला हाताची सवय होते आणि उपचारकाला कोणता भाग आखडला आहे याचा शोध लागतो.

दुसरी क्रिया मळण्याची. कणीक तिंबताना आपण दाबतो, उचलतो व सोडतो, त्याप्रमाणे स्नायू हाडावर दाबून, उचलून, पिळून सोडावयाचा असतो. मोठ्या स्नायूसाठी तळहात, तर लहान भागासाठी बोटे किंवा अंगठे वापरतात. चिमटा बसू नये यासाठी हाताची ठेवण मऊ असावी लागते आणि ती साधण्यास बराच काळ जातो.

तिसरी क्रिया घर्षणाची. यात बोटाचे टोक त्वचेवर न घसरता त्वचेसह खालच्या ऊतीवर आडवे फिरते, म्हणून येथे तेल वर्ज्य. कंडरा व अस्थिबंध यांवरील आडव्या घर्षणाची पद्धत लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरिॲक्स (१९०४-१९८५) यांनी प्रचारात आणली. ही क्रिया काहीशी दुखरी असल्याने तिची पूर्वकल्पना रुग्णास द्यावी लागते.

चौथी क्रिया थोपटण्याची. छातीत साचलेला कफ सुटावा यासाठी हाताची खोलगट वाटी करून छातीच्या बरगड्यांवर लयीत थोपटतात. हात योग्य प्रकारे पडल्यास पोकळ आवाज येतो व रुग्णास दुखत नाही. सपाट पडल्यास चापट बसते. आवाज ऐकूनच शिक्षक दुरून चूक ओळखतात.

पाचवी क्रिया कंपनाची. छातीवर हात ठेवून रुग्ण श्वास सोडत असतानाच सूक्ष्म कंपने दिली जातात. यांत रुग्णाच्या श्वासाशी हाताचा मेळ बसवावा लागतो.

उपयोग आणि मर्यादा

मर्दनाने वेदना काही काळ कमी होते, मनाचा व स्नायूंचा ताण सैल होतो, भरलेल्या जखमेचा घट्ट व्रण मोकळा होण्यास साहाय्य होते. प्लास्टर काढल्यानंतर कोरड्या पडलेल्या त्वचेला व ताठरलेल्या भागाला व्यायामासाठी तयार करण्यास, तसेच पाय कापावा लागलेल्या व्यक्तीचा उरलेला भाग कृत्रिम पायाच्या स्पर्शाला सरावण्यास त्याचा उपयोग होतो. कुष्ठरोगामुळे बोटे वाकू लागलेल्या रुग्णाला हात पाण्यात भिजवून, तेल लावून, बोटे हलकेच सरळ करण्याचे शिक्षण दिले जाते. हा उपाय रुग्णाला घरी स्वतःच करता येतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येणाऱ्या स्त्रियांसाठी अत्यंत हलक्या हाताने करावयाची लसीकानिचरा पद्धती वापरतात. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३०च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत जोर लावणे हीच चूक ठरते.

मर्दनाच्या मर्यादाही विद्यार्थ्याला तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या जातात. त्याने चरबी वितळत नाही, दुबळा स्नायू बलवान होत नाही, पक्षाघाताने गेलेली शक्ती परत येत नाही. कंबरदुखीवरील मर्दनाच्या प्रयोगांचा जो आंतरराष्ट्रीय आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात आराम अल्पकाळ टिकतो व त्याचाही पुरावा भक्कम नाही, असे आढळले. म्हणूनच आजच्या भौतिकोपचारात व्यायाम मुख्य असून मर्दन हे त्याचे साहाय्यक आहे. केवळ मालीश घेत राहिलेला रुग्ण उपचारकावर अवलंबून राहतो, तर व्यायाम शिकलेला रुग्ण स्वतःच्या पायावर उभा राहतो.

हात केव्हा आवरावा

अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचा धडा निषिद्ध प्रसंगांचा आहे. त्यांतील पुढील गोष्टी प्रत्येक घरात माहीत असणे अगत्याचे आहे.

एकच पाय किंवा पोटरी अचानक सुजली, दुखू लागली व गरम लागली, तर खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहणे यांनंतर हा धोका अधिक असतो. अशा वेळी पोटरी रगडल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते आणि रुग्ण दगावू शकतो. येथे मर्दन पूर्णतः वर्ज्य असून तातडीने डॉक्टरांकडे जाणे हाच उपाय आहे.

ताज्या दुखापतीवर, मोडलेल्या हाडावर किंवा निखळलेल्या सांध्यावर चोळू नये. विशेषतः कोपराच्या दुखापतीनंतर चोळल्याने व जबरीने हात वाकविल्याने भोवतालच्या स्नायूंत हाडाचा थर धरतो आणि सांधा कायमचा ताठ होतो. त्यावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्यास रक्तपुरवठा खुंटून बोटे वाकडी होण्याचा धोका असतो. बोटे थंड वा निळसर पडली, बधिर झाली किंवा सरळ करताना तीव्र वेदना झाल्या, तर बांधलेले तत्काळ सोडून रुग्णालय गाठावे.

ताप, पू झालेली जागा, त्वचेचा संसर्ग, भाजलेली ताजी जखम, कर्करोगाची गाठ, रक्तस्रावाची प्रवृत्ती या अवस्थांतही मर्दन करू नये. वृद्धांची हाडे ठिसूळ असल्यास छातीवर थोपटल्याने बरगडी मोडू शकते. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे ज्या भागाची संवेदना गेली आहे, तेथे दाब अधिक झाल्याचे रुग्ण सांगू शकत नाही, म्हणून विशेष काळजी घ्यावी लागते.

पक्षाघाताच्या बाबतीत वेळ हाच सर्वांत मोठा प्रश्न असतो. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसताच तेल शोधण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पुढेही लुळा हात ओढून मालीश करू नये, त्याने खांद्याचा सांधा सरकून नवे दुखणे मागे लागते.

तान्ह्या बाळाच्या मालीशची प्रथा जपण्याजोगी आहे. मायेचा हलका हात बाळाला सुखावतो. मात्र जोराने रगडणे, हातपाय ओढणे, छाती पिळणे आणि नाकाकानांत तेल सोडणे हे प्रकार बंद झाले पाहिजेत. नाकातून फुप्फुसात गेलेले तेल न्यूमोनियास कारण होते.

पूर्व विदर्भातील ज्या जिल्ह्यांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव आहे, तेथेही ही जाण आवश्यक आहे. सुजलेला पाय दररोज साबणाने धुऊन कोरडा करणे, उंच ठेवणे, घोट्याचा व्यायाम करणे व योग्य पादत्राणे वापरणे हा त्यावरील घरगुती उपचाराचा गाभा होय. पाय लाल होऊन ताप आला असता तो चोळणे घातक आहे.

शिक्षण, नोंदणी आणि आपले कर्तव्य

भौतिकोपचाराचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करून, रुग्णालयात आंतरवासिता केल्यानंतर विद्यार्थी स्वतंत्रपणे काम करण्यास पात्र ठरतो. राज्यातील या विषयाची बहुतेक महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. व्यवसायाच्या नियमनासाठी महाराष्ट्राने २००२ साली राज्य परिषदेचा कायदा संमत केला, तर केंद्र शासनाने २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. उपचार घेण्यापूर्वी संबंधित व्यक्ती नोंदणीकृत आहे काय, हे विचारण्याचा प्रत्येक नागरिकास अधिकार आहे.

गावपातळीवर या ज्ञानाचा प्रसार करण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ग्रामसभेत किंवा आरोग्य शिबिरात वर्षातून एकदा नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञाचे प्रात्यक्षिक ठेवता येईल. आशा कार्यकर्त्या व अंगणवाडी सेविका यांना बाळाच्या मालीशविषयी आणि सुजलेल्या पोटरीच्या धोक्याविषयी माहिती देता येईल. गावोगावी मालीश करून पोट भरणाऱ्या स्त्री-पुरुषांना दूर न लोटता, कोणत्या रुग्णाला हात न लावता दवाखान्यात पाठवावे, एवढे त्यांना समजावून दिल्यास तेच उत्तम साहाय्यक ठरतील. कारण दुखणे घेऊन माणूस पुष्कळदा प्रथम त्यांच्याकडेच जातो.

शिक्षकांची जबाबदारी दुहेरी आहे. क्रीडांगणावर मूल पडले असता दुखावलेला भाग न चोळता, न ओढता, आधार देऊन स्थिर ठेवावा व मुलास दवाखान्यात न्यावे, हा नियम शाळेत दर्शनी जागी लावण्याजोगा आहे. त्याचप्रमाणे विज्ञान शाखेतील, जीवशास्त्राची आवड असलेल्या विद्यार्थ्यांना या अभ्यासक्रमाची माहिती करून द्यावी. वैद्यकीय शिक्षण म्हणजे केवळ डॉक्टरकी अशी समजूत ग्रामीण भागात अद्याप प्रबळ आहे. चिकाटी, निरीक्षण आणि सेवावृत्ती असलेल्या विद्यार्थ्यासाठी येथे समाजोपयोगी व सन्मानाचे कार्यक्षेत्र खुले आहे.

मर्दन ही आपल्याकडील जुनी विद्या आहे आणि तिच्यातील माया टिकली पाहिजे. त्या मायेला शरीराच्या ज्ञानाची, संमतीची व संयमाची जोड देणे, हेच भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याला शिकविले जाते. यांतील निदान संयमाचा भाग, म्हणजे कोणत्या दुखण्याला हात लावू नये हे, प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने आपल्या लोकांपर्यंत पोहोचविले, तर किती तरी मुलांचे हात आणि किती तरी जीव वाचू शकतील.